‘पनवेल’ नावाची एक युद्धनौका

(हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. प्रवासात ऐकायला जमत नसेल तर वाचा.)



आज सुरुवातीला एक प्रश्न. पनवेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन. एसटी स्टँड. एक्सप्रेस वे. गणपतीत कोकणात जाताना लागणारं ट्रॅफिक. आणि आता नवीन विमानतळ. पण ‘पनवेल’ नावाची एक युद्धनौका होती, ती लढली होती आणि १९७१च्या युद्धातल्या एका अतिशय धाडसी आणि तितक्याच दुःखद प्रसंगातून एकटी सुखरूप बाहेर पडली होती, हे किती जणांना माहीत आहे?

आयएनएस पनवेल. आजचा एपिसोड तिच्यावर.

आधीच सांगतो, ही काही ‘विक्रांत’सारखी भलीमोठी नौका नव्हती. लांबी जेमतेम ३० मीटर, वजन १०० टनांच्या आसपास. ‘विक्रांत’ पूर्ण भार घेऊन सुमारे १९,५०० टनांची होती. म्हणजे एका ‘विक्रांत’च्या वजनात जवळपास दोनशे ‘पनवेल’ बसल्या असत्या. बंदरात मोठी जहाजं ओढणारे टग तुम्ही भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून पाहिले असतील. साधारण त्या मापाची बोट. आणि अशा बोटींचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही, म्हणूनच मला आज तिच्याबद्दल बोलायचंय.

नाव पनवेलच का?

नौदलाने १९६०च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत रशियाकडून पाच छोट्या गस्ती बोटी घेतल्या. त्यांची नावं बघा: पनवेल, पांबन, पणजी, पुरी, पुलिकत. पाचही ‘प’वरून आणि पाचही समुद्राशी किंवा खाडीशी नातं असलेली गावं.

आज आपल्याला वाटतं, पनवेलचा आणि समुद्राचा काय संबंध? आपल्याकडे सगळा हायवेचा कारभार. पण पनवेल हे मुळात खाडीवरचं बंदर. मुंबई-पुणे रेल्वे व्हायच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं तर लोक मुंबईत होडीत बसायचे, पनवेलला उतरायचे आणि तिथून पुढे गाडीने किंवा पायी बोरघाट चढायचे. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता सुरू झाला आणि पनवेलचं महत्त्व आणखी वाढलं. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावायला लागली, तेव्हा कुठे हा जलमार्ग मागे पडला. पनवेलची नगरपालिका १८५२ची आहे, म्हणजे रेल्वेपेक्षा जुनी! इतकं जुनं शहर इथे उभं राहिलं त्यात खाडीचा वाटा मोठा. मग या गावाचं नाव एका बोटीला मिळालं यात नवल नाही. उलट म्हणेन, शोभलं.

बोट कसली होती?

आता हे ऐका, मजेशीर आहे. या सोव्हिएत बोटींचा प्रकार ‘पोलुचात’ नावाने ओळखला जातो. त्यांची मूळ रचना लढाईसाठी नव्हतीच. नौदल सरावासाठी जे टॉर्पेडो सोडतं, ते काही फुकट घालवायचे नसतात. सराव संपला की ते पाण्यावर तरंगतात आणि कुणीतरी जाऊन ते उचलून आणावे लागतात. ते उचलून आणणारी ही बोट. क्रिकेटमध्ये सीमारेषेबाहेरचा चेंडू आणून देणारा पोरगा असतो ना, तसं काम! ‘पोलुचात’ या रशियन शब्दाचा अर्थही ‘मिळवणं, ताब्यात घेणं’ असाच आहे.

याच बांध्यावर छोट्या तोफा बसवून गस्तीची आवृत्ती बनवली आणि ती आपण घेतली. म्हणजे ‘पनवेल’ जन्माने कामकरी बोट. किनाऱ्याजवळ गस्त घालायची, संशयास्पद होड्या तपासायच्या, बंदराची राखण करायची, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. शत्रूच्या मुलखात नदीतून आत शिरून बंदरावर हल्ला करायचा, हे तिच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हतं.

पण १९७१ साली नेमकं तेच करायची वेळ आली.

पूर्वेकडे काय चाललं होतं?

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, दडपशाही सुरू केली. लाखो निर्वासित भारतात येऊ लागले. त्याच सुमारास फ्रान्समधल्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मँग्रो’ नावाची नवी पाणबुडी होती. तिच्यावरच्या बंगाली नौसैनिकांनी बातम्या ऐकल्या आणि ते पाणबुडी सोडून पळाले. त्यातले ८ जण स्पेनमार्गे भारतात पोचले.

या आठ जणांच्या भोवती एक गुप्त योजना उभी राहिली. पश्चिम बंगालमध्ये भागीरथीच्या काठी, पलाशीला, म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला प्लासी म्हणतो तिथेच, मे १९७१ मध्ये एक कॅम्प सुरू झाला. पूर्व बंगालमधून आलेली तरुण पोरं निवडायची, त्यांना तासन् तास नदीत पोहायला शिकवायचं आणि छातीला लिंपेट माइन बांधून शत्रूच्या जहाजापर्यंत पोचायला तयार करायचं. लिंपेट माइन म्हणजे लोहचुंबकाने जहाजाच्या तळाला चिकटणारा सुरुंग. चारशेहून जास्त पोरं या कॅम्पमधून तयार झाली. बरीचशी तुमच्याच वयाची, कॉलेजातली, नाहीतर शेतावरची.

या सुरुंगाच्या फ्यूजमध्ये एक विरघळणारी गोळी असायची. पाण्यात ती विरघळली की काही वेळाने स्फोट. पण पोहत जायलाच वेळ लागणार, मग गोळी आधीच विरघळली तर? यावर उपाय काय काढला माहितीये? फ्यूजवर निरोध चढवायचा! जहाजापाशी पोचलं की काढून टाकायचा. कॅम्पवर निरोधांची मोठी मागणी जायला लागली तेव्हा कोठारातल्या माणसांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

हल्ल्याची वेळ कळवायला कुठलाही वायरलेस सेट दिलेला नव्हता. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरलेली दोन बंगाली गाणी लागायची. पहिलं गाणं लागलं की तयारीला लागा, दुसरं लागलं की हल्ला करा. ऑगस्ट १९७१च्या मध्याला चट्टग्राम, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत या पोरांनी जहाजं उडवली.

या सगळ्या कामाची धुरा ज्यांच्याकडे होती ते आपले मराठी अधिकारी, कमांडर मोहन नारायणराव सामंत. सामंत हे पाणबुडीवाले. १९६९ साली ताफ्यात आलेल्या ‘करंज’ पाणबुडीचे ते पहिले कप्तान. ‘करंज’ म्हटल्यावर उरण-करंजाच्या मंडळींनी कान टवकारले असतील! पाणबुडीवाल्याला गुपचूप जाऊन घाव घालायची सवय असते. पलाशीच्या कॅम्पला तोच स्वभाव हवा होता.

पद्मा आणि पलाश

पावसाळा सरला तशी योजना पुढच्या टप्प्यावर गेली. मुक्ती वाहिनीला स्वतःचं छोटं नौदल हवं होतं. कलकत्ता बंदराच्या दोन गस्ती बोटी घेतल्या, त्यांच्यावर प्रत्येकी ४० मिमीच्या बोफोर्स तोफा बसवल्या आणि नावं ठेवली ‘पद्मा’ आणि ‘पलाश’. बंदरात फिरणाऱ्या बोटी, त्यांना रातोरात गनबोट बनवलं. अधिकारी भारतीय नौदलाचे. खलाशांत आपले काही, आणि बरेचसे पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली.

नोव्हेंबरमध्ये, म्हणजे अधिकृत युद्ध सुरू व्हायच्या आधीच, या दोन बोटींनी पशुर नदीच्या मुखाशी सुरुंग पेरले. ही नदी महत्त्वाची, कारण तिच्यावर मोंगला बंदर आहे आणि मोंगलाहून साधारण ४८ किलोमीटर उत्तरेला खुलना शहर आहे. चट्टग्रामनंतर पूर्व पाकिस्तानचं हे दुसरं मोठं बंदर. दारूगोळा, धान्य, सैनिक, सगळी ये-जा पाण्यातून.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्ध उघड सुरू झालं. ‘विक्रांत’ची विमानं पूर्वेकडच्या बंदरांवर तुटून पडली. आणि सामंतांना एक छोटा ताफा मिळाला, नाव ‘फोर्स अल्फा’. त्यात होत्या चार बोटी: मुक्ती वाहिनीच्या ‘पद्मा’ आणि ‘पलाश’, सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’ आणि नौदलाची स्वतःची एकच, आपली ‘पनवेल’. तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर जोसेफ पायस आल्फ्रेड नोरोन्हा.

चारही बोटी छोट्या. जाडजूड चिलखत कुणालाच नाही. समोर सुंदरबन: भरती-ओहोटीला रूप बदलणाऱ्या खाड्या, दोन्ही काठांना खारफुटी, अनोळखी उथळ जागा आणि झाडीमागून कधीही येऊ शकणारी गोळी. आपल्या पनवेल खाडीत ओहोटीला होडी कशी रुतते, हे इथल्या कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. आता तीच अडचण शेकडो पटींनी मोठी करा आणि काठावर शत्रू बसवा.

१० डिसेंबर, सकाळ

१० डिसेंबरच्या सकाळी हा ताफा मोंगलाला पोचला. समुद्राकडून, नदीतून कोणी येईल ही शत्रूची अपेक्षाच नव्हती. मोंगला बंदर हातात आलं. ‘चित्रांगदा’ तिथेच थांबली. उरलेल्या तीन बोटी, ‘पद्मा’, ‘पलाश’ आणि ‘पनवेल’, पुढे खुलनाकडे निघाल्या.

जरा हिशोब करू. ताशी १० नॉट म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटर. ४८ किलोमीटर जायला अडीच तास. अडीच तास उघड्या नदीत, भर दिवसा, दोन्ही काठ दिसतील एवढ्या अंतरावरून. लपायला जागा नाही, वळायलाही फारशी जागा नाही. दुपारी बाराच्या सुमारास खुलना शिपयार्ड दिसायला लागलं.

आणि आकाशात विमानं दिसली.

१० डिसेंबर, दुपार

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ढाक्याच्या धावपट्टीवर आपल्या हवाई दलाने एवढे बॉम्ब टाकले होते की ७ डिसेंबरपासून पूर्वेच्या आकाशात पाकिस्तानी विमानं उडतच नव्हती. म्हणजे वर दिसताहेत ती विमानं आपलीच असणार, हे बोटींवरच्या लोकांना माहीत होतं. बोटींवर ओळख पटावी म्हणून पिवळ्या रंगाची मोठी खूणही केलेली होती. त्यामुळे विमानांवर गोळी चालवायचा प्रश्नच नव्हता.

विमानं खाली आली आणि त्यांनी बोटींवर हल्ला केला.

‘पद्मा’ला आधी घाव बसला. मग ‘पलाश’ला. दोन्ही बोटी गेल्या. जखमी माणसं पाण्यात, आणि काठावर पाकिस्तानी सैनिक. इतका वेळ गप्प असलेल्या काठावरून आता पाण्यातल्या माणसांवर गोळ्या सुटायला लागल्या.

मंडळी, असं कसं होतं? आपलीच विमानं, आपल्याच बोटी. रागाने बोलायच्या आधी वैमानिकाच्या जागी बसून बघा. समजा विमानाचा वेग ताशी ७२० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला २०० मीटर. बोट दोन किलोमीटरवर असताना तुम्हाला दिसली तर तुमच्याकडे किती वेळ आहे? दहा सेकंद. या दहा सेकंदांत खाली काय आहे ते ओळखायचं, निर्णय घ्यायचा, नेम धरायचा. शत्रूच्या ताब्यातल्या शहराजवळ, शत्रूच्या शिपयार्डासमोर तोफा लावलेल्या बोटी दिसल्या, तर मन आधीच म्हणतं, या त्यांच्याच. पिवळी खूण दिसण्यासाठी आधी ती शोधायला हवी आणि शोधण्यासाठी ‘इथे आपली माणसं असू शकतात’ हे डोक्यात असायला हवं.

युद्धात याला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. किती विचित्र शब्द आहे! गोळी लागलेल्या माणसाला त्यात मैत्रीचं काय? पण जगातल्या प्रत्येक मोठ्या युद्धात हे झालेलं आहे. जिथे लष्कर, नौदल, हवाई दल आणि स्थानिक लढवय्ये एकाच जागी, एकाच दिवशी, भराभर पुढे सरकत असतात, तिथे कोण कुठे पोचलंय ही बातमी नेहमी माणसांच्या मागून धावत येते. त्या दिवशी बोटी बातमीच्या पुढे होत्या.

एकटी उरलेली बोट

आता ‘पनवेल’कडे या. तीन बोटींपैकी ती एकटी शिल्लक. घाव चुकवण्यासाठी तिने वळणं घेतली आणि ती वाचली. तिच्यावर तेव्हा दोन मार्ग होते.

पहिला मार्ग सरळ होता. मागे फिरायचं आणि मोंगला गाठायचं. ‘चित्रांगदा’ तिथे आहे, बंदर आपल्या ताब्यात आहे. कुणीही नाव ठेवलं नसतं. दोन तृतीयांश ताफा गेल्यावर माघार घेणं हे शहाणपणच म्हणायचं.

दुसरा मार्ग म्हणजे तिथेच थांबायचं.

‘पनवेल’ थांबली. काठावरून गोळीबार चालू असताना तिने पाण्यातल्या माणसांना वर ओढून घेतलं. आणि तेवढ्यावर न थांबता खुलनाच्या काठावरच्या शत्रूच्या ठाण्यांशी एकटीने लढाई चालू ठेवली. पाण्यातून माणूस वर घ्यायचा म्हणजे बोटीला जवळपास उभं राहावं लागतं, आणि उभी बोट म्हणजे नेमबाजासाठी सगळ्यात सोपं लक्ष्य. ३० मीटरची बोट, चिलखत नाही, दोन्ही बाजूंना काठ.

मला इथे सारखं आठवतं की ही बोट मुळात कशासाठी बनवली होती. पाण्यावर तरंगणाऱ्या गोष्टी उचलून आणायला! त्या दिवशी तिने माणसं उचलून आणली.

जे पोचले आणि जे नाही पोचले

सगळे ‘पनवेल’पर्यंत पोचू शकले नाहीत. दोन नावं तुम्ही लक्षात ठेवावीत असं मला वाटतं.

पहिलं मोहम्मद रुहुल अमीन. नोआखालीचे. पाकिस्तानी नौदलात इंजिनरूमचे तंत्रज्ञ होते, ते सोडून मुक्तिसंग्रामात आले. ‘पलाश’च्या इंजिनरूमची जबाबदारी त्यांच्याकडे. बोट सोडा असा आदेश झाला तरी ते इंजिन वाचवायला खाली थांबले. जखमी अवस्थेत किनाऱ्यावर पोचले, आणि तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या लोकांनी त्यांना ठार मारलं. बांगलादेशाने त्यांना ‘बीर श्रेष्ठ’ हा सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. आजवर तो फक्त सात जणांना मिळालाय. रूपशा नदीच्या काठी त्यांची कबर आहे.

दुसरं लीडिंग सीमन चिमण सिंह. आपल्या नौदलाचे खलाशी. बोट बुडाली, अंगात छर्रे घुसले. तरी एक जखमी अधिकारी आणि एक सहकारी बुडताहेत हे पाहून त्यांना धरून ते काठाकडे गेले. काठावर शत्रू. तिथे त्यांनी काय करावं? स्वतः उघड्यावर येऊन शत्रूच्या दिशेने धावले, जेणेकरून गोळ्या त्यांच्याकडे वळाव्यात आणि बाकीच्या दोघांना निसटता यावं. दोघं निसटले. चिमण सिंह गंभीर जखमी होऊन पकडले गेले. बांगलादेश मुक्त झाल्यावर त्यांची सुटका झाली.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. खुलनातल्या पाकिस्तानी सैन्याने दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, शस्त्रं खाली ठेवली.

आठातले तीन

आता एक आकडा सांगतो, तो ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

१९७१च्या युद्धात नौदलाला एकूण ८ महावीर चक्रं मिळाली. परमवीर चक्रानंतरचा हा सर्वांत मोठा युद्धकालीन शौर्यसन्मान. ‘खुकरी’बरोबर जलसमाधी घेतलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, कराचीवर चाल करून गेलेले बबरू भान यादव, ‘विक्रांत’चे कप्तान स्वराज प्रकाश, हे सगळे त्या आठांत आहेत. आणि त्या आठांपैकी तीन महावीर चक्रं या एका छोट्या नदीवरच्या ताफ्याला मिळाली: कमांडर सामंत, ‘पनवेल’चे कप्तान नोरोन्हा आणि खलाशी चिमण सिंह.

कराचीवर केलेल्या हल्ल्याची आठवण म्हणून आपण दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो. ‘विक्रांत’ निवृत्त झाल्यावर वर्षानुवर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, शाळेच्या सहली जायच्या. ती मोडीत निघाल्यावर तिच्या पोलादाची बाइकसुद्धा निघाली. आणि खुलनाची मोहीम? ती बरीच वर्षं बंद फायलीत राहिली, कारण पलाशीचा कॅम्पच मुळात गुप्त. अधिकृत युद्ध नसताना भारत हे करत होता, हे उघड बोलायचं नव्हतं. सामंतांनी पत्रकार संदीप उन्निथन यांच्याबरोबर ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिलं. ते २०१९ साली बाहेर आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत सामंतांचं निधन झालं. युद्धानंतर बांगलादेशाच्या नवजात नौदलाची सुरुवातीची घडी बसवायलाही हेच मराठी अधिकारी गेले होते, बरं का.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. या कहाणीत आपल्याच हातून आपली माणसं गेली. विजयाच्या भाषणात अशी पानं वाचली जात नाहीत. पण ती पानं गाळली की त्याबरोबर रुहुल अमीन गळतात, चिमण सिंह गळतात आणि ‘पनवेल’चं थांबणंही गळतं. कारण त्या घोटाळ्याशिवाय तिच्या थांबण्याला अर्थच उरत नाही.

पुढे बोटीचं काय झालं?

युद्ध संपलं, ‘पनवेल’ परत गस्तीच्या कामाला लागली. आणि तिच्या नशिबात आणखी एक ‘पहिलं’ होतं.

१९७०च्या दशकात आपल्या किनाऱ्यावर, विशेषतः मुंबई-कोकण-गुजरातच्या पट्ट्यात, समुद्रमार्गे सोन्याची आणि मालाची तस्करी जोरात होती. जुने हिंदी सिनेमे आठवा, रात्रीच्या अंधारात लाँचमधून पेट्या उतरतात, ते काही निव्वळ कल्पनेतून आलेलं नव्हतं. यासाठी वेगळं दल हवं म्हणून १ फेब्रुवारी १९७७ ला तटरक्षक दलाची हंगामी स्थापना झाली. पुढच्या वर्षी, १८ ऑगस्ट १९७८ ला, त्याचा कायदा आला.

नव्या दलाकडे नौका कुठून येणार? नौदलाने आपल्या सात दिल्या. ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या दोन जुन्या फ्रिगेट, आणि पाच छोट्या गस्ती बोटी: पनवेल, पांबन, पणजी, पुरी, पुलिकत. म्हणजे आज ज्या तटरक्षक दलाकडे दीडशेच्या आसपास नौका आहेत, त्याच्या अगदी पहिल्या सात नौकांपैकी एक ‘पनवेल’ होती. एखाद्या कामकरी बोटीच्या नोकरीच्या पुस्तकात यापेक्षा जास्त काय हवं? गस्त, युद्ध, बचाव आणि शेवटी एका नव्या दलाची पायाभरणी.

पलीकडे बांगलादेशातही एक गोष्ट घडली. २०१३ साली तिथल्या नौदलात ‘पद्मा’ नावाची नवी गस्ती नौका दाखल झाली. देशातच बांधलेली पहिली युद्धनौका. आणि ती बांधली कुठे? खुलना शिपयार्डमध्ये! ज्या शिपयार्डासमोर जुनी ‘पद्मा’ बुडाली, त्याच शिपयार्डातून नवी ‘पद्मा’ पाण्यात उतरली. रुहुल अमीन यांचंही नाव तिथे नौकेला दिलं गेलं.

मग आपण काय करायचं?

मी काही ‘अभिमान बाळगा’ असं म्हणून एपिसोड संपवणार नाही. नुसता अभिमान स्टेटसला ठेवायला बरा असतो, दुसऱ्या दिवशी उडून जातो.

माझं म्हणणं छोटं आहे. पनवेलमध्ये, खारघर-कामोठे-कळंबोलीत रोज हजारो नवी माणसं राहायला येतात. त्यांच्यासाठी पनवेल म्हणजे पत्त्यातला एक शब्द, लोकलच्या इंडिकेटरवरची पाटी. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके निदान शाळेच्या पुस्तकात भेटतात. ही बोट कुठेच भेटत नाही. आपल्या गावाच्या कुठल्या शाळेत, वाचनालयात, महापालिकेच्या एखाद्या भिंतीवर तिची चार ओळींची माहिती लागली तर किती खर्च येईल? त्यात तीन नावं लिहा: सामंत, नोरोन्हा, चिमण सिंह. चौथं नाव रुहुल अमीन यांचं लिहा, कारण ते आपल्याबरोबर लढले. आणि दोन्ही बोटी कशा बुडाल्या तेही खरं खरं लिहा. दहावीतलं पोरगं ते वाचेल आणि विचारेल, ‘आपल्याच विमानांनी का मारलं?’ त्या प्रश्नाचं उत्तर देता देता त्याला युद्ध म्हणजे काय ते जितकं कळेल, तितकं कुठल्याही चित्ररथातून कळणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात, शेजारात नौदलातून निवृत्त झालेले आजोबा-काका असतील, तर त्यांच्याशी एकदा बोला. मोठ्या नौकांबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही छोट्या बोटींबद्दल विचारा. टग, गस्ती बोटी, पाणी आणि डिझेल वाहणाऱ्या बोटी. त्यांच्याशिवाय मोठी नौका बंदरातून हलत नाही. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. तेवढा रेकॉर्डर तर आपल्या सगळ्यांच्या खिशात आहेच.

आजच्यासाठी एवढंच. एपिसोड आवडला तर पनवेलच्या एका तरी माणसाला पाठवा, आणि काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट टाका. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा!